आरशातला डाव

घराला दार एकच, आणि ते दुकानात उघडतं. झीनत मकदूमची गोष्ट एवढ्या एका वाक्यात सांगून मोकळं होता येईल, पण मग तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. म्हणून जरा बैजवार सांगतो.

सोलापुरात विजापूर वेशीच्या आत एका गल्लीत हे दोन खोल्यांचं घर आहे. पुढची खोली रस्त्यावर, मागची तिला चिकटून. मोरी, चूल, झोपायची जागा सगळं मागच्या खोलीत, आणि तिच्या मागं दुसऱ्याच्या घराची भिंत. मागच्या माणसाला बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीतनंच जायला पाहिजे, दुसरी वाट नाही. वडील होते तोवर ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. ते ट्रकवर होते, शहाण्णव साली वारले. तेव्हा थोरला मोईन सतरा वर्षांचा होता आणि झीनत बारा.

मोईननं डोकं चालवलं. एक जुना रंगीत टीव्ही आणला, वायरच्या रिमोटांसकट व्हिडिओ गेमचा एक डबा आणला, चार कॅसेटी आणल्या, आणि पुढच्या खोलीत पार्लर टाकलं. रुपयाला दहा मिनिटं. महिन्याभरात अशी गर्दी की चपला ठेवायला जागा नाही. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत खोलीभर पोरं सतरंजीवर बसलेली, आणि झीनतची शाळा दुपारची. आता बारा वर्षांच्या पोरीनं रोज दोनदा त्या तीस पोरांचे पाय ओलांडत, त्यांच्या शिट्ट्या ऐकत जायचं कसं? अम्मीनं, म्हणजे अकबरीबीनं, पंधरा दिवस बघितलं आणि सांगितलं की पार्लर उघडायच्या आधी नाहीतर बंद झाल्यावर बाहेर जा. ह्यात धर्माबिर्माचं काही नव्हतं बरं का. शेजारच्या सावित्रम्माचंही हेच म्हणणं पडलं. पण दहाच्या आधी आणि सहाच्या नंतर शाळा कुठली असायला? सहावीत शाळा सुटली. कुणी काढली नाही, कुणी बंद कर म्हणालं नाही, दाराच्या वेळेत बसली नाही म्हणून सुटली. मला तर ह्याचाच संताप येतो.

दोन खोल्यांच्या मधे अम्मीनं जाड हिरवा पडदा लावला. झीनतला काज-बटणाचं काम दिलं. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचे कारखाने पुष्कळ, घरोघरी गठ्ठे येतात. अम्मीचा नियम एकच होता, पडद्याकडं पाठ करून बसायचं, म्हणजे तिकडं बघायची सवयच लागायची नाही. झीनत पाठ करून बसली. आणि तिच्या समोर आलं लोखंडी कपाट, कपाटाच्या दाराला आरसा. पडदा वरनं वीतभर आखूड पडला होता आणि टीव्ही पलीकडच्या भिंतीला उंच फळीवर होता. आरशात टीव्ही अख्खा दिसायचा. अम्मीच्या हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

वर्षभर पोरगी हातानं काज करत आरशात खेळ बघत राहिली. रणगाड्यांचा खेळ, दोन बंदूकवाल्यांचा खेळ, टोपीवाल्या गड्याचा पळायचा खेळ. एकदा दुपारी मोईन स्वतःच एका पुलावर सात वेळा मेला. आतनं आवाज आला, "भाई, आत्ता नको उडी मारू. ती गोळी जाऊ दे मग मार." मोईनची चिडचिड झालेली. त्यानं रिमोट मागं पडद्याखालनं ढकलला आणि म्हणाला, "घे, तूच मार." तिनं मारली. पूल पार झाला.

तिथनं मोईनचं नाव झालं. पोरगं कुठं अडकलं की एक रुपया जादा द्यायचं, मोईन त्याचा रिमोट घ्यायचा, पडद्याला टेकून स्टुलावर बसायचा, दोन्ही हात पाठीमागं न्यायचा आणि अवघड जागा पार करून द्यायचा. हात पाठीमागं! पोरांनी ते पाहिलं आणि गल्लोगल्ली सांगितलं. होटगीहून रेल्वेनं पोरं यायला लागली. त्यातला एक बिरप्पा, रेल्वेतल्या गँगमनचा पोरगा, दर रविवारी यायचा आणि घरी जाऊन उशीच रिमोट समजून पाठीमागं धरून सराव करायचा. रिमोटची वायर वाढवून पडद्याखालनं आत गेली होती, आणि खेळत होती ती मागची पोरगी, तेही आरशात बघून. हे मोईनला ठाऊक, झीनतला ठाऊक, अम्मीनं बघून न बघितल्यासारखं केलं, बाहेरच्या कुणाला पत्ता नाही.

आता तिच्या वाटणीला काय यायचं ते बघा. खेळाची सुरुवात पोरांची आणि शेवटही पोरांचाच. मधलं जे कुणाला जमत नाही तेवढंच तिचं, दहा सेकंद, वीस सेकंद. पार झालं की मोईनची बोटं पाठीमागं वळवळायची, म्हणजे रिमोट परत दे. बारा वर्षं तिनं हे केलं, पण एकही खेळ सुरुवातीपासून खेळली नाही आणि एकाही खेळाचा शेवट तिनं स्वतः आणला नाही.

त्या काळात दोन स्थळं आली होती. एक सांगोल्याचं, डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडं कामाला असलेलं. मोईननं सांगितलं, गाव लई लांब. दुसरं सोलापुरातलंच, रिक्षाचं. मोईन म्हणाला, घर लहान आहे. लहान घर! स्वतः कुठल्या महालात राहत होता कुणास ठाऊक. झीनत आत बसून ऐकत होती. भाऊ कशासाठी खोट काढतोय हे तिला कळत होतं, आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पुढं मोईनचं लग्न झालं. मंगळवेढ्याची बायको आली, दोन वर्षं त्या मागच्या खोलीत घुसमटली आणि माहेरी गेली ती गेलीच.

मग हातात फोन आले, पार्लर बसलं आणि मोईननं त्याच खोलीत मोबाईल दुरुस्ती टाकली. पोरं गेली, गिऱ्हाईक आलं. पडदा तिथंच राहिला. अम्मीचे गुडघे गेले, ती खाटेला लागली. झीनत एकेचाळीसची झाली. कुणी तिला कोंडलं होतं असं म्हणता येणार नाही. लग्नाकार्याला जायची, अम्मीला दवाखान्यात न्यायची, दारात रिक्षा बोलवून बसायची आणि दारात उतरायची. पण दुकान उघडं असताना एकटी उठून बाहेर गेली असं एकदाही घडलं नाही. कुणी नको म्हणायची गरजही उरली नव्हती.

गेल्या वर्षी एक नवा खेळ आला. पुण्याच्या एका कंपनीनं जुन्या कॅसेटींचे खेळ परवानगी घेऊन एकत्र केले होते, पण पूर्ण नाही. प्रत्येक खेळातला अवघड तेवढा तुकडा कापून काढलेला. गडी खड्ड्याच्या काठावर उभा, दहा सेकंदात तीन खड्डे ओलांडायचे, झालं, पुढचा तुकडा. असे सव्वाशे तुकडे, नाव ‘झटपट सव्वाशे’. बाजारात आणायच्या आधी फुकट खेळून बघायला दिला होता. मोईननं गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून तो दुकानातल्या टीव्हीवर लावला. मागच्या खोलीत जुना सूर ऐकू आला आणि झीनतच्या हातातली सुई थांबली. तिनं आरशात बघितलं. अवघड तेवढंच दाखवायचं आणि लगेच काढून घ्यायचं. तिला वाटलं, हे तर माझंच लहानपण कुणीतरी विकायला काढलंय.

शुक्रवारी दुपारी मोईन अर्धं शटर ओढून नमाजाला गेला. अम्मीचा डोळा लागला होता. झीनत बाहेर आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टीव्हीसमोर बसली. जन्मात पहिल्यांदा समोर. रिमोटला आता वायरही नव्हती. पहिला तुकडा लावला, तीन खड्डे, सगळ्यात सोपा. तिनं बटण दाबलं तर गडी उलटा पळाला आणि भिंतीला धडकला. तिला वाटलं रिमोट बिघडला. परत लावला, परत भिंत. अकरा वेळा.

मग तिच्या ध्यानात आलं. आरशात सगळं उलटं दिसतं. उजवं बटण दाबलं की आरशातला गडी डावीकडं पळायचा, आणि तिच्या बोटांनी तेच धरून ठेवलं होतं. डावीकडं न्यायचं तर उजवं दाब. आता समोर बसल्यावर गडी उजवीकडं न्यायचा होता आणि बोटं डावं दाबत होती. पाच वर्षांच्या पोराला येतं ते तिला येत नव्हतं. जिच्यासाठी होटगीहून पोरं यायची, तिला. झीनत रडली, साफ सांगतो.

रडत रडतच ती पुढचे तुकडे चाळत गेली आणि शेवटी एक उलटा कप्पा लागला. कंपनीनं गंमत म्हणून त्यात चित्र उलटं केलं होतं, आकडेसुद्धा उलटे, पण बटणं तीच ठेवली होती. उजवं दाबलं की गडी डावीकडं पळणार. बाकीच्यांची ह्यात दाणादाण उडत होती. झीनतनं एकदा दाबून बघितलं आणि तिची बोटं आपोआप चालायला लागली. नमाज सुटायच्या आत तिनं तिथले बाराही तुकडे पार केले. शेवटचा नऊ सेकंदात.

चौथ्या दिवशी मोईनच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. उलट्या कप्प्यातला बारावा तुकडा पंचवीस सेकंदांच्या आत कुणालाही जमला नव्हता आणि ‘मोईन मोबाईल’च्या नावावर नऊ लागले होते. त्यांना दहा खेळाडू पाहिजे होते. सहा महिने पुण्यात राहायचं, खोली कंपनीची, प्रत्येक तुकडा खेळून वेळ ठरवायची, ती वेळ मग सगळ्या दुनियेनं गाठायची. खेळाच्या शेवटी त्या दहा जणांची नावं येणार. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर समोरासमोर खेळून दाखवायचं.

मोईन आत आला. "तूच खेळलीस न्हवं?"

"व्हय."

"मग मंगळवारी बस आत. मी बोलतो, तू खेळ. मागनं सांगू की अम्मीला बरं न्हाय, घरनंच काम करतो म्हणून."

"मीच जाते की पुण्याला," झीनत म्हणाली.

मोईन हसला. मनात वाईट नव्हतं त्याच्या, खरंच हसू आलं. "तू? तुला इष्टी स्टँडचा रस्ता तरी ठावा हाय का?"

नव्हता ठाऊक. हेच तिला लागलं. खाटेवरनं अम्मी म्हणाली, "नक्को बेटी, आता ह्या वयात कुटं," आणि तिनं कूस बदलली. पण झीनतला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिला रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी मोईननं फोनच्या काचा पुसायचं पाणी आणून कपाटाचा आरसा स्वतः पुसला. झीनत बघत होती. त्याची समजूत अशी की ती शुक्रवारीही आरशातच बघून खेळली असणार, नेहमीसारखं. आणि उलटं चित्र आरशात बघितलं तर ते सरळ होणार, तिथं तिची बोटं फसणार, हे फक्त तिला माहीत होतं. उलटा कप्पा तिला जमायचा तर पडद्याबाहेर येऊन, टीव्हीसमोर बसूनच. दिवसभर काज करताना ती ह्याचाच विचार करत होती. भावाला सांगणं सोपं होतं. तिनं सांगितलं नाही.

मंगळवारी कॉल लागला. पुण्याहून वैजयंती नावाची बाई बोलत होती, वयानं तिशीची, बोलायला मऊ पण नजर बारीक. खेळ तिला तिच्या कॉम्प्युटरवर दिसत होता आणि फोनमधे मोईन. मोईनच्या हातात दुसरा एक बंद रिमोट होता, त्यावर तो उगाच बोटं नाचवत होता. झीनत आत, टीव्हीकडं पाठ, समोर आरसा. दुकानात एकच गिऱ्हाईक, फोनची काच बदलायला आलेला होटगीचा बिरप्पा. आता रेल्वेत होता, केस पिकलेले.

साधे चार तुकडे झाले, चारही पहिल्या फटक्यात. "छान," वैजयंती म्हणाली. "आता उलटा कप्पा, बारावा. त्याच्यासाठीच तर फोन केला. तीनदा खेळा, चालेल."

पहिल्यांदा गडी नीट जाऊन आगीत पडला. दुसऱ्यांदाही. मोईननं मान न वळवता दात चावून म्हटलं, "काय करतीस?" वैजयंती म्हणाली, "मोईनसर, हा शेवटचा. नाही जमला तरी काही हरकत नाही, तो आकडा चुकून लागला असं आम्ही धरू."

झीनतनं रिमोट मांडीवर ठेवला. आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि तोंडाच्या वर टीव्ही. इथंच बसून राहिलं तर काय होणार? काहीच नाही. उद्या गठ्ठा येईल, परवा गठ्ठा येईल, मोईन दोन दिवस घुम्यासारखा बसेल आणि मग सगळं आहे तसं. ती उठली. "झीनत, गिऱ्हाईक हाय बाहेर," अम्मी म्हणाली. झीनत पडदा सारून बाहेर आली, मोईनच्या शेजारी टीव्हीसमोर उभी राहिली आणि उभ्यानंच खेळली. नऊ सेकंद.

"ह्या कोण?" वैजयंतीनं विचारलं.

"बहीण," मोईन घाईनं म्हणाला. "मीच शिकवलंय तिला."

"मग ताई, पहिला तुकडा दाखवा बरं. तीन खड्डे."

तिनं लावला. भिंत. परत लावला. परत भिंत. तिसऱ्यांदा गडी पहिल्याच खड्ड्यात गेला. मोईनचा चेहरा सैल पडला. "तेवढा एकच येतो तिला, मॅडम," तो म्हणाला. "बाकी मी हाय की."

तिला बाहेर येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. आत जायची वाट मोकळी होती, आणि खरं सांगायचं तर तिचे पाय तिकडंच वळले. पडद्याला हात लावला आणि ती थांबली.

"मला हे आतनं येतं," ती म्हणाली. "आरशात बघून. बारा वर्षाची होते तवापासनं. समोर बसून येत न्हाय. भाई खेळत न्हवता, मी खेळत होते. मला माझ्या जाग्यावर बसू द्या, मग दाखवते."

आणि तिनं पडदा ओढला. दोरी जुनीच होती, तुटली, पडदा खाली आला. झीनत आपल्या जागेवर जाऊन बसली, टीव्हीकडं पाठ, दुकानाकडं पाठ, रस्त्याकडं पाठ. वैजयंतीनं मोईनला फोन तिच्याकडं फिरवायला सांगितला. मोईननं फिरवला. करणार काय? ती तेच चार तुकडे परत खेळली, पहिल्यापेक्षा लवकर.

मग बिरप्पा पुढं आला आणि मोईनकडं न बघता तिला म्हणाला, "म्हंजे पुलावरचं ते, माझं, दर रविवारी... ते तुमी पार करत होता?"

झीनत वळली नाही. "व्हय," ती म्हणाली. "तुमी उडी लई लवकर मारायचा."

बिरप्पा काउंटरच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ दुरुस्त झालेला फोन न्यायचंच विसरला. पलीकडनं वैजयंतीनं विचारलं, "ताई, तुमचं नाव सांगता?" झीनतनं आरशाकडं बघत नाव सांगितलं, आणि विचारलं, "तुमच्या ऑफिसात आरसा असतो का?"

वैजयंतीला आधी कळलं नाही. मग म्हणाली, "घेऊन या तुमचा. लावून देऊ."

आठ दिवसांनी झीनत मकदूमच्या नावानं बोलावणं आलं. जायच्या दिवशी सकाळी तो कपाटापुढं बसला आणि आरशाचे स्क्रू काढायला लागला. मोबाईलच्या बारक्या हत्यारानं ते निघेनात. शेवटी शेजारनं मोठा स्क्रूड्रायव्हर मागून आणला. "अम्मीच्या गोळ्या कुठल्या डब्यात?" एवढंच त्यानं विचारलं. तिनं डबा दाखवला. माफी त्यानं मागितली नाही आणि तिनंही तशी अपेक्षा केली नाही, पण आरसा त्यानं दोन्ही हातांनी जपून खाली उतरवला, हे तिनं बघितलं.

आरसा गुंडाळायला कापड पाहिजे होतं. अम्मीनं दोरी जोडून ठेवलेला हिरवा पडदाच उशाखालनं काढून दिला. परत लावायचा म्हणून जोडून ठेवला होता बिचारीनं. देताना ती रडत होती.

अकरा वाजता, दुकानात पाच-सहा गिऱ्हाईक उभं असताना, झीनत एका हातात पिशवी आणि काखेत आरसा घेऊन त्यांच्यातनं बाहेर पडली. लोक बाजूला झाले. पुण्यात गेल्यावरही ती टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करूनच खेळणार होती, नवीन शिकायला बोटं तयार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "स्टँडला समोरनं जाऊ का मागच्या रस्त्यानं?"

तिला दोन्ही रस्ते माहीत नव्हते. "तुमीच न्या," ती म्हणाली, आणि पडद्यात गुंडाळलेला आरसा मांडीवर घट्ट धरून बसली.